मेसेजमधलं सगळं खरं, तरी मेसेज खोटा

*ताई, नमस्कार. नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं, मुलगा आणि सासूबाई गोव्याला निघालोय. एका नावाजलेल्या बुकिंग अ‍ॅपवरून कळंगुटजवळचं हॉटेल घेतलं. पैसे तिथे पोचल्यावर द्यायचे, कार्डाचा नंबर फक्त हमी म्हणून दिलेला. गेल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर हॉटेलच्या नावाने मेसेज आला: ‘तुमचं कार्ड व्हेरिफाय झालेलं नाही. १२ तासांत खालील लिंकवर माहिती भरा, अन्यथा बुकिंग रद्द होईल. पैसे कापले जाणार नाहीत.’ नाव, तारखा, बुकिंग नंबर, सगळं बरोबर. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे तळमजल्याची खोली मागितली होती, तेसुद्धा त्यात लिहिलेलं! दुसऱ्या दिवशी तोच मजकूर अ‍ॅपमधल्या चॅटमध्येही आला. आमचे हे म्हणतात, एवढी माहिती हॉटेलशिवाय कोणाकडे असणार, भरून टाक. मी अजून लिंक उघडलेली नाही. बारा तास कधीच उलटले, बुकिंग अजून दिसतंय. पण तिथे गेल्यावर खोलीच नाही म्हणाले तर? आणि दुसरं: परतताना दोन दिवस मालवणजवळ एका घरगुती निवासात राहायचंय. त्यांची वेबसाइट नाही, मालक जीपेवर निम्मे पैसे आधी मागतात. हेही तसलंच का?*

*– एक वाचक, सांगली*

लिंक उघडली नाहीत, उत्तम केलंत. पत्रातल्या वर्णनावरून मेसेज खोटा आहे याबद्दल मला शंका नाही. पण माझ्या शब्दावरही विसंबू नका, कारण खातरजमा करायला पाच मिनिटं पुरतात आणि ती तुमची तुम्हालाच करता येते.

मेसेज बाजूला ठेवा. अ‍ॅप नेहमीसारखं स्वतः उघडा आणि चॅटमध्ये न जाता थेट ‘माझी बुकिंग्ज’मध्ये तुमच्या बुकिंगचं पान बघा. कार्ड चाललं नाही की काही साइट्स खरंच ते बदलायला सांगतात, हे खरं आहे, आणि भामट्यांनी नेमकं तेच उचललंय. पण तशी खरी अडचण असेल तर ती तुमच्या बुकिंगच्या पानावर दिसते आणि कार्ड तिथल्या तिथेच बदलता येतं. कुठल्या बाहेरच्या लिंकवर जावं लागत नाही. पानावर ‘कन्फर्म्ड’ आणि ‘पैसे हॉटेलवर’ एवढंच असेल तर कार्डाचा प्रश्न मिटला.

मग हॉटेलला फोन करा. नंबर बुकिंगच्या पानावरचा घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर ज्या नंबरावरून मेसेज आला त्याच नंबरावर ‘तुम्ही खरे का हो’ विचारून उपयोग नाही, पलीकडचा माणूस ‘हो’च म्हणणार. गूगलवर शोधून पहिला दिसेल तो नंबरही घेऊ नका. मॅपवरच्या माहितीत कोणीही बदल सुचवू शकतो, आणि हॉटेलांच्या, बँकांच्या, देवस्थानांच्या नावापुढे भलत्यांचेच नंबर चढवण्याचे प्रकार झालेले आहेत. फोन लागला की दोनच गोष्टी विचारा: आमचं बुकिंग तुमच्या रजिस्टरला आहे ना, आणि तळमजल्याची खोली धरलीय ना. ज्याने उत्तर दिलं त्याचं नाव लिहून घ्या. खोली नाही म्हणाले तर, ही तुमची धास्ती याच फोनने फिटेल.

आता तुमच्या यजमानांचा मुद्दा. तो टाकाऊ नाही. एवढी माहिती हॉटेलशिवाय कोणाकडे असणार? बरोबर, ती हॉटेलकडूनच गेली असणार. फक्त हॉटेलने ती दिलेली नाही, त्यांच्याकडून चोरली गेलीय.

हे कसं होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण एकदा समजलं की असल्या मेसेजचा धाकच उरत नाही. प्रत्येक हॉटेलला बुकिंग साइटवर स्वतःचं खातं असतं. त्यात येणाऱ्या पाहुण्यांची यादी, फोन नंबर, तारखा आणि ‘विशेष विनंती’चा रकाना दिसतो. तुमच्या सासूबाईंचे गुडघे त्या रकान्यात आहेत. भामटे तुमच्यामागे लागतच नाहीत, ते रिसेप्शनवरच्या पोराच्या मागे लागतात. त्याला बुकिंग साइटच्या नावाने ईमेल येतो: एका पाहुण्याने तुमच्याबद्दल वाईट अभिप्राय लिहिलाय, किंवा तुमचं खातं पडताळायचंय, इथे क्लिक करा. सुट्टीचा हंगाम, समोर चेक-इनची रांग, तो क्लिक करतो. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये अशाच एका मोहिमेची माहिती जाहीर केली होती. बुकिंग डॉट कॉमचं नाव लावून हॉटेलांना असे ईमेल डिसेंबर २०२४ पासून जात होते, आणि ज्या भागांतल्या हॉटेलांना ते गेले त्यात आपला दक्षिण आशियाही होता. क्लिक केल्यावर ‘तुम्ही रोबो नाही ना’ विचारणारी चौकट येते आणि सांगते, की विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. तीन वेळा बटणं दाबली, बस. एवढ्यात कॉम्प्युटरमध्ये पासवर्ड चोरणारं सॉफ्टवेअर घुसतं, आणि घुसवणारा खुद्द हॉटेलचाच कर्मचारी असतो.

एकदा ते खातं हाती आलं की भामटा हॉटेलच्या खुर्चीत बसूनच तुमच्याशी बोलतो. म्हणून तोच मजकूर अ‍ॅपच्या चॅटमध्येही आला. ‘अ‍ॅपमधून आलाय म्हणजे खरा’ हा आडाखा आता कामाचा राहिलेला नाही, आणि दुर्दैवाने अजूनही पुष्कळ जण तोच सल्ला देत फिरतात.

तेव्हा मेसेजमध्ये काय काय बरोबर आहे हे तपासत बसू नका. नाव बरोबर, तारीख बरोबर, बुकिंग नंबर बरोबर, हे सगळं चोरालाही बरोबरच लिहिता येतं. भाषा अशुद्ध असेल तर ओळखू येईल, ही समजूतही सोडा. हल्ली भामट्यांचं मराठी आपल्या सोसायटीच्या नोटिशीपेक्षा शुद्ध असतं. बघायचं ते एवढंच, की हा मेसेज तुम्हाला कुठे जायला सांगतोय. तुम्ही जिथून बुकिंग केलंत तिथून बाहेर नेऊन कार्डाचा नंबर किंवा पैसे मागत असेल तर पुढे वाचायचीसुद्धा गरज नाही. स्वतःच्या वाटेने जा: अ‍ॅप स्वतः उघडा, नंबर बुकिंगच्या पानावरून घ्या.

त्या मेसेजमधली दोन वाक्यं मात्र पुन्हा बघा. ‘१२ तासांत’ आणि ‘पैसे कापले जाणार नाहीत’. मुदत कशासाठी, तर तुम्ही कोणाला विचारू नये म्हणून. तुम्ही मला पत्र लिहिलंत, उत्तर यायला दिवस गेले, आणि बुकिंग जिथल्या तिथे आहे. आणि दुसरं वाक्य वाचून तर मला हसूच आलं. पैसे कापायचेच नसतील तर कार्डामागचे तीन आकडे कशाला हवेत?

लिंकचा पत्ता कसा वाचायचा तेही सांगते, कधीतरी उपयोगी पडेल. आपण डावीकडून वाचतो आणि ओळखीचं नाव दिसलं की थांबतो. समजा पत्ता आहे ‘अमुकसाइट डॉट कॉम डॉट गेस्ट-व्हेरिफाय डॉट इन्फो’. डोळ्याला दिसते अमुकसाइट, प्रत्यक्षात ही जागा आहे ‘गेस्ट-व्हेरिफाय डॉट इन्फो’ची. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढे पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिथून मागे या. तिच्या लगेच आधी जे नाव आहे तोच घरमालक. त्याच्याही डावीकडे काहीही लिहिता येतं, अगदी तुमच्या बँकेचं नावसुद्धा. मोबाईलवर पत्ता अर्धाच दिसतो, म्हणून तिथे हे वाचन जमत नाही. जमत नसेल तर लिंक उघडूच नये, हे सोपं. हॉटेलचं ‘व्हाउचर’ म्हणून एपीके फाइल आली तर ती मात्र कुठल्याही परिस्थितीत उघडायची नाही. व्हाउचर पीडीएफ असतं नाहीतर फोटो. एपीके म्हणजे अ‍ॅप, आणि ते फोनमध्ये बसलं की तुमचे ओटीपीही परस्पर वाचू शकतं.

कार्डाचं एक काम आज संध्याकाळीच करून टाका. आपल्याकडे देशातल्या व्यवहाराला ओटीपी लागतो म्हणून आपण निर्धास्त असतो. परदेशी साइटवर मात्र कित्येकदा नुसता नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे जातात, फोनवर येतो तो थेट पैसे गेल्याचा मेसेज. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘आंतरराष्ट्रीय व्यवहार’ नावाचं बटण असतं. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने ऑक्टोबर २०२० पासून ही सोय सगळ्या बँकांना द्यावी लागली. ते बटण बंद ठेवा, परदेशी निघाल तेव्हा चालू करा. ऑनलाइन खर्चाची मर्यादाही तिथेच कमी करता येते.

मालवणचं उत्तर वेगळं आहे. ‘अ‍ॅपच्या बाहेर एक पैसाही देऊ नका’ हा शहरी सल्ला मी तुम्हाला देणार नाही, कारण तो पाळायचा म्हटला तर तारकर्ली-देवबागच्या बाजूची चांगली घरं तुम्हाला मिळायचीच नाहीत. आई स्वयंपाक बघते, मुलगा बुकिंग घेतो, जाहिरात म्हणजे रस्त्यावरची पाटी आणि गेल्या वर्षीचे पाहुणे. वेबसाइट नाही यात वावगं काही नाही. पाहुणे ऐन वेळी येत नाहीत आणि आणलेले मासे वाया जातात, तेव्हा आधी काही पैसे मागणंही रास्तच आहे. मात्र हीच रीत ठाऊक असलेले भामटे दुसऱ्याच्या घराचे फोटो उचलून फेसबुकवर टाकतात आणि आगाऊ रक्कम घेऊन गायब होतात. म्हणून इथे माणूस पारखावा लागतो.

मेसेजवर बोलणं थांबवा, फोन करा. खरा मालक पैशांआधी दहा गोष्टी विचारतो: किती जण, लहान मुलं आहेत का, मासे खाता ना, गाडी घेऊन येताय की कुडाळला उतरताय, किती वाजेपर्यंत पोचाल. सासूबाईंना पायऱ्या चढवत नाहीत म्हणालात तर तो संडास कमोडचा आहे की नाही तेही सांगेल. खोट्याला या कशातही रस नसतो. खोली आहे, शेवटचीच आहे, पैसे टाका, यापलीकडे त्याची गाडी जात नाही. तरी मन खात असेल तर व्हिडिओ कॉल मागा आणि म्हणा, खोलीतून अंगणात या, फाटकाबाहेरची पाटी दाखवा. घर असलेल्याला यात दोन मिनिटंही लागत नाहीत. ‘आत्ता नेटवर्क नाही, फोटो पाठवतो’ म्हणाला तर एक सूट द्या, कोकणात नेटवर्क खरंच जातं. संध्याकाळी पुन्हा विचारा. संध्याकाळीही तेच असेल तर दुसरं घर शोधा.

फोटो आलेच तर ते गूगल लेन्समध्ये टाकून बघा. तेच अंगण केरळातल्या एखाद्या रिसॉर्टच्या पानावर सापडलं तर विषय संपला. पर्यटन संचालनालयाच्या निवास व न्याहारी योजनेत घर नोंदवलेलं असेल तर प्रमाणपत्राचा फोटो मागायला हरकत नाही. नोंदणी नसली म्हणजे माणूस खोटा असं नव्हे, पण असली तर प्रमाणपत्रावरचं नाव आणि पैसे ज्याला जाणार ते नाव जुळवून बघता येतं. जीपेवर पैसे पाठवण्याआधी समोर बँकेतलं नाव दिसतं. ते मालकाचं, बायकोचं किंवा मुलाचं असू शकतं. फोनवरच विचारून ठेवा, ‘नाव कोणाचं येईल?’ सांगितलेलं एक आणि दिसलेलं भलतंच, किंवा कुठल्यातरी ‘एंटरप्रायझेस’चं, तर पिन टाकू नका.

आणि निम्मे पैसे नकोत. पहिल्यांदाच जाताय, तेव्हा एका रात्रीच्या भाड्याचा काही भाग द्या, बाकी पोचल्यावर. एवढ्यावर राजी होणारे मालक मिळतात. भामट्यांची एक खूण लक्षात असू द्या: पहिले पैसे गेले की लगेच फोन येतो, ‘सिस्टीमने घेतले नाहीत, तेवढेच पुन्हा पाठवा, आधीचे आपोआप परत येतील’. आधीचे पैसे सुटतील या आशेने माणूस दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाठवतो. पैसे परत घ्यायला कधीही क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे देताना, घेताना नाही.

गोव्यात पुढेमागे व्हिला वगैरे घ्यायचा विचार असेल तर तिथे आणखी एक आधार आहे. पर्यटकांना राहायला जागा देणाऱ्यांना गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंद करावी लागते. नोंदणी क्रमांक सरळ मागा. स्विमिंग पूलवाला व्हिला ऐन नाताळात अर्ध्या भावात मिळत असेल, तर तो व्हिला कोणाच्या तरी दुसऱ्याचा आहे असं खुशाल समजा.

तीर्थक्षेत्रांचं थोडक्यात सांगते, कारण सासूबाई बरोबर म्हणजे कधीतरी शिर्डी होणारच. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने खास यात्रेकरूंसाठी इशारा काढला होता: केदारनाथचं हेलिकॉप्टर, यात्रेकरूंसाठीची गेस्ट हाउस आणि हॉटेलं यांच्या नावाने बनावट साइट आणि व्हॉट्सअ‍ॅप खाती चालू आहेत. हेलिकॉप्टरचं बुकिंग फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवरच होतं, हेही त्यात स्पष्ट केलं होतं. शिर्डीच्या भक्तनिवासासाठी गूगलमध्ये नाव टाकून वरची जाहिरात उघडू नका, संस्थानची साइट साई डॉट ओआरजी डॉट इन आहे, तिथूनच आत जा. देवस्थानच्या खोलीचे पैसे एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले की समजून जायचं.

एखादा नंबर, यूपीआय आयडी किंवा साइट संशयास्पद वाटली तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर ‘सस्पेक्ट सर्च’ आहे, त्यात टाकून बघा. आधी कोणी तक्रार केलेली असेल तर कळतं. काहीच सापडलं नाही तर मात्र हुरळून जाऊ नका, भामट्यांचे नंबर रोज बदलतात. तुम्हाला आलेला मेसेज दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरच्या ‘चक्षू’ विभागात कळवता येतो, कारण तो पैसे न गेलेल्या तक्रारींसाठीच आहे. आणि कळंगुटच्या हॉटेलला फोन कराल तेव्हा त्यांनाही सांगा, की तुमच्या खात्यातून आम्हाला असा मेसेज आलाय. त्यांच्या यादीतल्या प्रत्येक पाहुण्याला तो गेला असणार. त्यांना पासवर्ड बदलावे लागतील, कॉम्प्युटर तपासून घ्यावा लागेल. चॅटमधला मेसेज बुकिंग अ‍ॅपच्या ग्राहक सेवेकडेही पाठवा, तोही अ‍ॅपमधल्याच ‘मदत’वरून.

हे तुमच्यासाठी नाही, पण हे सदर वाचणाऱ्या कोणाचे तरी पैसे गेलेले असतील म्हणून लिहिते. पहिला फोन १९३० ला. घरच्यांना कसं सांगू, लोक काय म्हणतील, हे नंतर. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे काही तासांत पांगतात. १९३० वर तक्रार नोंदली की ती पुढच्या बँकांपर्यंत पोचते आणि वाटेत जे सापडेल ते गोठवता येतं, म्हणून जितक्या लवकर कळवाल तितकं जास्त हाती लागण्याची शक्यता. व्यवहाराचा यूटीआर (म्हणजे बँकेच्या मेसेजमधला संदर्भ) नंबर, वेळ, रक्कम हाताशी ठेवा. मग बँकेला फोन, कार्ड बंद, आणि पोर्टलवर लेखी तक्रार. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

बँक भरपाई देते का, असं पुष्कळ जण विचारतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ना तुमची ना बँकेची, चोरी तिसरीकडेच झाली, आणि तुम्ही बँकेकडून सूचना आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलंत, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. मात्र ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. त्यामुळे चूक आपलीच असली तरी फोन करण्यात फायदाच आहे. क्रेडिट कार्डाने दिलेले असतील तर ‘डिस्प्यूट’, म्हणजे त्या व्यवहारावर हरकत, नोंदवण्याचा मार्ग असतो. अनोळखी हॉटेलसाठी यूपीआयपेक्षा मी क्रेडिट कार्ड बरं म्हणते ते यासाठीच.

तक्रार केल्यावर थोड्या दिवसांनी ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन येऊ शकतो. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. पोलीस पैसे परत करायला फी घेत नाहीत. असा फोन आला तर ठेवून द्या, आणि तो नंबर आधीच्याच तक्रारीत जोडा.